भिडू शेजारी हवा

मराठी मुलांच्या खेळांची भाषा थोडी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यातले बहुतेक शब्द माणसांविषयीचे आहेत, साधनांविषयीचे फार थोडे. भिडू, गडी, लिंबूटिंबू, राज्य घेणारा, रडीचा डाव खेळणारा, हरायची वेळ आली की ‘टाइम प्लीज’ म्हणणारा. लगोरीला फरशीचे सात तुकडे पुरत आणि विटीदांडूला झाडाची एक फांदी; पण भिडू कोण, राज्य कोणावर आणि डाव कोणी रडवला, याची चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत चाले. साधन कसलेही चालत असे, भिडू मात्र लागत असे.

व्हिडिओ गेमकडे आपल्याकडे आजवर ज्या नजरेने पाहिले गेले, तिला हा भिडू कधी दिसलाच नाही. वडीलधाऱ्यांना त्यात बिघडणारे डोळे दिसले, बुडणारा अभ्यास दिसला, विजेचे बिल दिसले. अलीकडे व्यसन दिसते आणि जुगारही दिसतो. या चिंता निराधार आहेत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमच्या अनावर ओढीला विकार म्हणून जागा दिली आहे. पण किती वेळ खेळतो, काय खेळतो आणि किती पैसे घालवतो, हे विचारताना आपण एक साधा प्रश्न विसरतो. तो कोणाबरोबर खेळतो? माझ्या मते बाकीच्या प्रश्नांच्या आधी हा प्रश्न यायला हवा.

हे सुचायला निमित्त झाले ते शाळेपासूनच्या एका मित्राच्या फोनचे. ‘‘शनिवार-रविवार मोकळा ठेव. गेम खेळायचेत. शनिवारी जुने, रविवारी नवे.’’ आम्ही दोघेही आता पंचेचाळिशी ओलांडलेले. मधल्या वर्षांत आमच्या मैत्रीचे जे झाले होते, ते या वयातल्या बहुतेकांच्या मैत्रीचे होते. वाढदिवसाला शुभेच्छा, लग्नामुंजीत भेट आणि निरोप घेताना ‘‘एकदा निवांत बसू रे’’ हे ठरलेले वाक्य. निवांत बसून नेमके काय करायचे, हे दोघांनाही माहीत नसल्यामुळे ते बसणे वर्षानुवर्षे राहून गेले होते. खेळायचे ठरले आणि बसणे झाले. एवढ्यावरूनही खेळ ही काय चीज आहे, ते ध्यानात यावे.

शनिवार : चाळीस किलोबाइटची दुनिया

डोंबिवलीच्या त्याच्या घरात दोन टीव्ही होते. एक भिंतीवरचा, आजच्या पद्धतीचा, कागदासारखा सपाट. दुसरा जमिनीवर ठेवलेला, पिक्चर ट्यूबचा, पाठीला पोक असलेला. हा दुसरा त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून मुद्दाम आणला होता. वहिनींनी त्याविषयीचे आपले मत चहाबरोबर सांगितले; ते इथे देत नाही. पण त्या धुडामागे एक शास्त्रीय कारण होते. ‘डक हंट’ या १९८४ सालच्या खेळातली प्लास्टिकची बंदूक सपाट टीव्हीवर चालत नाही. त्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा असतो. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो चौकोन बंदुकीला दिसला तर नेम लागला. हे सगळे पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या वेगाने आणि ज्या क्रमाने रेखाटले जाते, त्याच्या हिशेबावर बेतलेले आहे. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि बंदूक आंधळी होते.

आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघरी जो ‘टीव्ही गेम’ आला, तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या १९८३ सालच्या यंत्राचा बहुतेक ठिकाणी नकली अवतार होता. पिवळी-काळी कॅसेट, दोन रिमोट, एक बंदूक आणि ‘९९९९ इन १’ अशी आकाशाएवढी जाहिरात. प्रत्यक्षात त्या कॅसेटमध्ये मोजके खेळ असत आणि तेच वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून हजारोंचा आकडा गाठलेला असे. व्हिडिओ लायब्ररीत सिनेमाच्या कॅसेटशेजारी गेमच्या कॅसेटही दिवसाच्या भाड्याने मिळत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र आम्हाला कोणी शिकवले ठाऊक नाही. पण ते डोंबिवलीपासून टोकियोपर्यंत सर्वत्र सारखेच होते. फुंकरीचा उपयोग नसतो. ती काढून पुन्हा बसवण्याचा असतो. उलट तोंडातल्या ओलाव्याने धातूचे सांधे गंजतात म्हणून फुंकर मारू नका, असे खुद्द निन्टेन्डोचे सांगणे होते. आम्ही शनिवारी तरीही मारली. काही श्रद्धा वयाबरोबर जात नाहीत.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ सालचा. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अवघ्या ४० किलोबाइट जागेत बसवला. आज मोबाइलवर येणारे ‘शुभ सकाळ’चे चित्रही त्याहून जड असते. जागेची इतकी ओढाताण होती, की त्यातले ढग आणि झुडपे यांचे चित्र एकच आहे. वर पांढरे रंगवले की ढग, खाली हिरवे रंगवले की झुडूप. लहानपणी हे कधी लक्षात आले नाही. आता कळल्यावर गंमत वाटते आणि करणाऱ्याविषयी आदरही. संसारात ओढगस्त असली की एकच पातळ सणाला आणि लग्नालाही नेसणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. कमतरतेतून येणारी ही कारागिरी त्याच जातीची.

पण मारिओची खरी खुबी मला त्या शनिवारी दुसऱ्याच गोष्टीत दिसली. त्यात दोघांनी खेळायचे म्हणजे आळीपाळीने खेळायचे. एकाचा मारिओ मेला की दुसऱ्याच्या लुइजीचे राज्य. म्हणजे निम्मा वेळ तुम्ही खेळाडू आणि निम्मा वेळ प्रेक्षक. आणि प्रेक्षक तरी कसला? सल्लागार, टीकाकार, पंच आणि भविष्यवेत्ता. ‘‘थांब, थांब, आता उडी मार... मारली का? मेलास!’’ आजच्या हिशेबाने हा वाट पाहण्याचा वेळ म्हणजे खेळातला दोष. मला मात्र वाटते, की आमच्या पिढीची कितीतरी बोलणी या वाट पाहण्याच्या वेळात झाली. हात रिकामे असले की तोंड उघडते.

‘कॉन्ट्रा’ची गोष्ट वेगळी. तिथे दोघे एकाच वेळी पडद्यावर. बंदुका घेऊन धावत सुटलेले दोन उघडे पहिलवान. त्यातला तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. खालून वर चढत जायचे असते आणि पडदा वर सरकत असतो. दोघांपैकी एकाने घाई केली तर पडदा त्याच्याबरोबर वर जातो आणि मागे राहिलेला खालच्या खाली मरतो. शत्रूच्या गोळीने नव्हे, मित्राच्या घाईने. कोणत्याही उपदेशाशिवाय दोन मुलांना ‘मागच्यासाठी थांब’ हे शिकवणारा असा धडा आमच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला कधी मिळाला नव्हता.

याच ‘कॉन्ट्रा’त सुरुवातीला बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की तीनऐवजी तीस लाइफ मिळत. वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे दोनदा, मग बी आणि ए. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो हे १९८६ साली ‘ग्रेडियस’ नावाच्या खेळाची घरगुती आवृत्ती तयार करत होते. खेळ त्यांना स्वतःला इतका अवघड जात होता, की तपासण्यापुरती ही सवलत त्यांनी आत घातली आणि ती तशीच राहिली. हाशिमोतो २०२० साली वारले. त्यांचा तो मंत्र आमच्या शाळेत कोणत्या मासिकातून किंवा पुस्तकातून आला नव्हता. एका मुलाकडून दुसऱ्याकडे, डब्यातल्या पोळीच्या बदल्यात, कानोकानी आला होता. खेळाचे ज्ञान मिळवायलाही भिडू लागत असे.

रविवार : दोघांशिवाय न सरकणारी गोष्ट

रविवारची सुरुवात मात्र वाट पाहण्याने झाली, आणि ही वाट मारिओतल्यासारखी बोलकी नव्हती. नव्या यंत्राला आधी स्वतःला अद्ययावत करायचे होते, मग खेळाला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कालच्या यंत्रात कॅसेट घालून बटण दाबेपर्यंत मारिओ उभा असे. पण हे गाऱ्हाणे मी ताणणार नाही. आजच्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’सारख्या खेळाला संगणकावर १५० गिगाबाइट जागा लागते, म्हणजे मारिओच्या सदतीस लाखांहून अधिक पट. त्या जागेत डोंगर आहेत, पाऊस आहे, घोड्याच्या खुरांनी उडणारा चिखल आहे. एवढा प्रपंच उभा करायला वेळ लागणारच. जुने ते सोने आणि नवे ते पितळ, हा ठेका धरून लिहिणे सोपे आहे. पण ते खरे नाही.

नव्यातले चांगले किती चांगले असू शकते, याची दोन उदाहरणे आम्ही त्या दिवशी पाहिली. पहिले पुण्याचे. ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने केला आणि २०२० साली तो जगभर गेला. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी नावाची मुलगी त्याची नायिका आहे. राजस्थानच्या किल्ल्यांसारखे वाडे-बुरूज, मधली कथा सांगायला बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ आणि मुलीच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले होते. हा एकट्याने खेळायचा खेळ. आम्ही तो मारिओच्या जुन्या नियमाने खेळलो : मेलास की रिमोट इकडे.

दुसरा खेळ ‘इट टेक्स टू’. स्वीडनच्या ‘हेझलाइट’ या कंपनीचा, जोसेफ फारेस या दिग्दर्शकाचा, २०२१ सालचा. हा एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर आलेले एक जोडपे मुलीच्या रडण्याने दोन बाहुल्या होऊन बसते आणि आपल्याच घरात मुंगीएवढ्या उंचीवरून वाट काढू लागते. पडदा मधोमध दुभंगलेला. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. एका टप्प्यावर एकाच्या हाती खिळे येतात आणि दुसरीच्या हाती हातोडी. खिळ्याने खिळा ठोकता येत नाही आणि खिळ्याशिवाय हातोडीला लटकायला काही नसते. म्हणजे बोलावेच लागते. ‘‘आधी तू मार, मग मी उडी घेतो.’’ ‘‘कुठे मारू?’’ ‘‘वर. अजून वर.’’ असे दोन तास चालले होते.

त्या दोन तासांत, पडद्यावरची नजर न हलवता, माझा मित्र त्याच्या वडिलांविषयी बोलला. ते आठ महिन्यांपूर्वी गेले होते. मी तेव्हा भेटायला गेलो होतो. समोरासमोर बसलो होतो. ‘‘काही लागले तर सांग’’ असे म्हणालो होतो, आणि त्याने ‘‘हो’’ म्हटले होते. त्यापलीकडे एक शब्द झाला नव्हता. आता बाहुलीला एका दोरीवरून पलीकडे नेता नेता त्याने सांगितले, की तो पहिला टीव्ही गेम बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून आणला होता आणि पोरे झोपल्यावर आवाज बंद करून ते स्वतः ‘डक हंट’ खेळत असत. हे त्याला आईकडून कळले, तेही बाबा गेल्यावर. ‘‘आधी कळले असते तर दोघे खेळलो असतो रे,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘तुझी बाजू आली, उडी मार.’’ मी उडी मारली.

पुरुषांना समोरासमोर बसून मनातले बोलता येत नाही, हे आपल्या समाजाचे जुने दुखणे आहे. शेजारी शेजारी बसून, दोघांची नजर तिसऱ्याच कशावर असताना, ते जमते. पारावर, गाडीच्या पुढच्या सीटवर, क्रिकेटच्या सामन्यात. त्या यादीत मी आता एक सोफा आणि दोन रिमोट घालतो.

दुसरा रिमोट कुठे गेला?

मित्राचा मुलगा सतरा वर्षांचा. तो आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून खेळत होता. एकलकोंडा म्हणावा तर तसा नाही. त्याचे चार भिडू चार गावांत होते आणि तो त्यांच्याशी अखंड बोलत होता. दूरच्या भिडूंना तुच्छ लेखण्याचे मला कारण दिसत नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पांगलेल्या मुलांना तो एक ओटाच आहे. तरी एक फरक उरतो. दूरचा भिडू खेळ थांबला की नाहीसा होतो. शेजारचा भिडू खेळ थांबला तरी तिथेच असतो. चहा पितो, भांडतो, गप्प बसतो. मैत्रीचे बरेचसे काम या उरलेल्या वेळात होते. शनिवारी रात्री हा मुलगा बाहेर येऊन ‘कॉन्ट्रा’ला हसला. मग रिमोट हातात घेतला आणि मिनिटभरात तीनही लाइफ घालवून बसला. पुढचा तासभर तो आमचा लिंबूटिंबू होता, आणि त्याला ते आवडलेले दिसले.

एकाच पडद्यावर शेजारी बसून खेळण्याची ही सोय मोठ्या खेळांतून कमी होत गेली, ती काही मुलांनी नको म्हटले म्हणून नव्हे. दोघांसाठी पडदा दुभंगायचा म्हणजे यंत्राला तीच दुनिया दोन बाजूंनी एकाच वेळी रेखाटावी लागते. चित्राची श्रीमंती वाढत गेली तसे हे ओझे जड झाले. शिवाय व्यापाराचा हिशेब सरळ आहे. शेजारी बसलेल्या दोघांना एक यंत्र आणि एक प्रत पुरते. दोन घरांत बसलेल्यांना दोन यंत्रे, दोन प्रती आणि महिन्याचे वर्गणीचे पैसे लागतात. ‘हेलो’ ही मायक्रोसॉफ्टची मालिका एकेकाळी मित्रांनी सोफ्यावर बसून खेळण्यासाठीच प्रसिद्ध होती. तिच्या २०१५ सालच्या पाचव्या भागात ही सोय नव्हती. लोकांनी ओरड केली, पुढच्या वेळी देऊ असे आश्वासन मिळाले, आणि २०२२ साली ‘हेलो इन्फिनिट’च्या मुख्य मोहिमेतून ती पुन्हा रद्द झाली. उलट ‘इट टेक्स टू’ला एक प्रत घेतली की मित्र फुकट खेळू शकतो, तरीही त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि २०२१ सालचा सर्वोत्तम खेळ म्हणून ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याचीच निवड झाली. भिडू परवडत नाही, हे म्हणणे तितकेसे खरे नाही.

दुसरी गोष्ट संपण्याची. आमचे खेळ संपत. ‘गेम ओव्हर’ हे आमच्या पिढीने शिकलेले पहिल्या काही इंग्रजी वाक्यांपैकी एक. त्यांची कठीणताही काही निव्वळ कलेपोटी आलेली नव्हती. नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत खेळाडू लवकर मेला तर पुढचे नाणे लवकर पडे. लोभ तेव्हाही होता. पण नाणी संपली की मूल घरी जात असे. आज मोबाइलवरचे अनेक खेळ संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. रोज हजेरीचे बक्षीस, आज चुकलात तर गेले. ज्या खेळाला डाव संपणे माहीत नाही, त्यात हरणेही नाही आणि ‘‘चल, आता जेवायला’’ म्हणून उठणेही नाही.

विकत घेतले म्हणजे आपले झाले?

तिसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे आणि तिचा संबंध फक्त खेळाशी नाही. शनिवारी आम्ही जी कॅसेट चालवली ती तीस वर्षांपूर्वीची. तिला कोणाची परवानगी लागली नाही. याउलट फ्रान्सच्या ‘युबीसॉफ्ट’ कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ २०१४ साली विक्रीला आला आणि ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले. ज्यांनी पूर्ण किमतीला तो विकत घेतला होता, त्यांच्याही घरी तो त्या दिवसापासून चालेनासा झाला. एकट्याने खेळायचा असला तरीही. यातून ग्राहकांची चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या निवेदनावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की अशी डिजिटल वस्तू विकताना ‘ही मालकी नव्हे, हा केवळ परवाना’ हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. तो २०२५च्या जानेवारीपासून लागू आहे. घराचे भाडे भरतो म्हणून आपण मालक होत नाही, हे आपल्याला कळते. पण किंमत मोजून घेतलेली वस्तूही भाड्याचीच होती, हे कळायला दहा वर्षे जावी लागतात, हा नवा प्रकार आहे.

आणि जुन्याचे काय? ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकी संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले, की २०१०च्या आधी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळतच नाहीत. संशोधकांना ग्रंथालयांमार्फत असे खेळ घरबसल्या पाहता यावेत, अशी सवलत तिथल्या अभ्यासकांनी मागितली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये ती नाकारली.

करमणुकीची गोष्ट, तिचे काय एवढे जतन करायचे, असे कोणी म्हणेल. हेच आपण सिनेमाविषयी म्हणालो होतो. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ सालचा. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ संपूर्ण उरलेला नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ साली. तोवर कितीतरी रिळे गेलेली होती. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव हिंडून डबे गोळा केले म्हणून जे वाचले ते वाचले. गेम या कलेचे वय आज जेमतेम पन्नास-साठ वर्षांचे आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’सह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. आपल्याकडे मुंबईच्या ‘इंडियागेम्स’सारख्या कंपन्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात बटणांच्या मोबाइल फोनसाठी खेळ केले, ते कोट्यवधी लोकांच्या खिशात बसतील एवढे छोटे होते. आज ते पाहायचे तर तसला फोन आणि तोही चालू स्थितीतला हवा. पुढे ‘राजी’चेही तेच व्हायचे नसेल, तर कोणी तरी आत्ताच कपाट उघडले पाहिजे.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पिढीने जपलेले बहुतेक खेळ चोरीचे होते. त्या ‘९९९९ इन १’मधला एक पैसाही मियामोतोंच्या कंपनीला गेला नसेल. त्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाची गंमत अशी, की अनेकदा नकलांनीच मूळ वस्तू जिवंत ठेवली आहे. जतनाचे काम चोरांवर सोपवायचे नसेल तर कायद्याने ते ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना करू दिले पाहिजे. मधला रस्ता तोच आहे.

मग करायचे काय?

सरकारने एक भेद केला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व साध्या खेळांना वेगळे काढले. त्या बंदीच्या तपशिलाविषयी मतभेद असू शकतात; भेद मात्र योग्य आहे. तोच आता घरात यायला हवा. ‘गेम’ हा एकच शब्द आपण पत्त्यांच्या जुगाराला, न संपणाऱ्या मोबाइलच्या खेळाला आणि ‘राजी’लाही वापरतो, आणि मग सरसकट बंदी घालतो किंवा सरसकट दुर्लक्ष करतो. ‘पुस्तक’ या शब्दात पाकशास्त्रही येते आणि पिवळे साहित्यही. म्हणून आपण मुलाला ‘पुस्तक वाचू नकोस’ म्हणत नाही.

घरातल्या माणसांनी तीन प्रश्न विचारावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. यात पैसे सतत जातात का? याचा डाव संपतो का? आणि भिडू कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खेळ करणाऱ्यांच्या हातात आहेत. तिसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. यंत्र आतल्या खोलीतून बैठकीच्या खोलीत आणता येते. एक जादा रिमोट घेता येतो. मुलाला ‘‘बंद कर ते’’ म्हणण्याच्या आधी ‘‘मला शिकव’’ म्हणता येते. आपण वाईट खेळू, तो हसेल. लिंबूटिंबू व्हायला वयाची अट नाही. पोरे झोपल्यावर आवाज बंद करून एकट्याने बदके मारणाऱ्या बापांची पिढी होऊन गेली. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, की हा खेळ त्यांचाही आहे. आपल्याला ती सबब नाही.

आणि ज्यांच्या घरात मुले नाहीत किंवा मुले मोठी होऊन गेली आहेत, त्यांच्याही फोनमध्ये एक नंबर असतोच. वाढदिवसापुरता उरलेला. ‘‘निवांत बसू’’ असे त्याला पुन्हा सांगू नका. एखादा डाव सुचवा. पत्त्यांचा, कॅरमचा, नाही तर ‘कॉन्ट्रा’चा. तो येईल. आला की धबधब्यावर त्याच्यासाठी थांबा.